तेल तापले, दाब उतरला : इंजिन उतरवण्याआधी दोन गेज लावा

निस्सान कंपनीची ३७०झेड ही दोन आसनांची वेगवान गाडी २००८ च्या अखेरीस बाजारात आली आणि २०२० पर्यंत तिचे उत्पादन चालले. भारतात ती फार थोडी आली. पण दुबई, शारजा, कुवेत, दोहा या भागांत ही गाडी आणि तेच इंजिन असलेली इन्फिनिटी जी-३७ सर्रास दिसते. आता यातल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत आणि कंपनीची हमी केव्हाच संपली आहे. त्यामुळे दुरुस्तीला त्या येतात त्या शारजाच्या औद्योगिक वसाहतीतल्या, किंवा तशाच ठिकाणच्या, स्वतंत्र गॅरेजमध्ये. तिथे पाना हातात असणाऱ्यांत रत्नागिरी-रायगडकडचे आपले कारागीर बंधूही आहेत. म्हणून या इंजिनाच्या एका नेहमीच्या दुखण्याचा येथे विचार करू. तपासणीची रीत मात्र अशी आहे की कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत जोरदार टर्बो गाड्यांवर काम करणाऱ्यांनाही ती तशीच कामी यावी.

तक्रार साधारण अशी असते. गाडी थोडी पळवली की डॅशबोर्डवरचे तेलाच्या तापमानाचे गेज वर चढते. मग सिग्नलला उभे राहिले की तेलाचा लाल दिवा मिणमिणतो. कधी इंजिनाचा पिवळा दिवाही लागतो. मालक एका गॅरेजमध्ये गेला, तर सांगितले जाते की बेअरिंग मेटल गेले, इंजिन बांधावे लागेल. दुसरीकडे गेला तर जाड तेल टाकून त्याची बोळवण होते. पहिल्या ठिकाणी न बिघडलेल्या वस्तूचे हजारो दिरहॅम मोजावे लागतात. दुसऱ्या ठिकाणी दिवा महिनाभर विझतो आणि एके दिवशी क्रँक धरतो. दोन्ही ठिकाणी मोजमाप कोणी केलेलेच नसते. बदनामी मात्र शेवटी ज्याने बॉनेट उघडले त्याच्या माथी येते.

या गाडीत एक गंमत आहे. आधीच्या ३५०झेडमध्ये डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचे गेज होते. ३७०झेडमध्ये ते काढले आणि त्या जागी तापमानाचे गेज आले. म्हणजे मालकाला उष्णता दिसते, दाब दिसत नाही. दाबाची खबर देणारा केवळ तो लाल दिवा, आणि कोणत्याही गाडीतला असा दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. एक बारच्या खाली कितीतरी उतरेपर्यंत तो गप्प असतो. साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत ही खबर फार उशिराची म्हटली पाहिजे.

आधी गेज, मग पाना

दाब मोजायचा तो साध्या यांत्रिक गेजने. दाबाचा स्विच काढून त्या जागी गेजची नळी बसवावी. जपानी गाड्यांत या भोकाचे आटे बहुधा १/८ इंच बीएसपीटी मापाचे, म्हणजे इंचाला २८ असतात. बाजारात मिळणाऱ्या अमेरिकी गेजचे जोड १/८ एनपीटी, म्हणजे इंचाला २७ आट्यांचे असतात. ते दोन-अडीच फेरे सहज जातात, मग अडतात. तिथे जोर केला की ॲल्युमिनियमचा भाग तडकतो आणि तपासायला आलेली गाडी तिथेच अडकून पडते. योग्य जोड आधीच विकत घेऊन पेटीत ठेवावा.

तेलाची पातळी सपाट जागेवर बघावी. कमी असेल तर ते कळतेच, पण जास्त असेल तरी घोटाळा होतो. क्रँक तेलात बुडून घुसळू लागतो, तेलाला फेस येतो, तेल तापते आणि गेजचा काटा नाचतो. "थोडे जास्त बरे" म्हणून अर्धा लिटर वर ओतणाऱ्यांनी याचा विचार करावा. डिपस्टिकवरचे तेल नाकाशी धरून पेट्रोलचा वास येतो का तेही बघावे. इंजेक्टर गळत असेल किंवा मिश्रण फार श्रीमंत असेल तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरते. तेल पातळ होते आणि पातळी मात्र वाढलेली दिसते. पोर्शे कंपनीने १९७२ च्या ९११ मध्ये तेल भरण्याचे झाकण गाडीच्या बाहेर, उजव्या बाजूला दिले होते. पंपावरचे लोक त्यातच पेट्रोल ओतू लागले असे सांगतात. एवढे खरे की पुढच्या वर्षी ते झाकण गेले.

आता मुख्य गोष्ट. दाब नेहमी ठरलेल्या तापमानावर मोजावा. तापमान न लिहिता "दाब अमुक इतका" असे लिहिणे म्हणजे वजन न सांगता भाव सांगण्यासारखे आहे. कारण साधे आहे. चांगल्या ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा १०० अंशांवर ११ सेंटिस्टोकच्या आसपास असतो. तेच तेल १४० अंशांवर साधारण साडेपाचवर येते. म्हणजे चाळीस अंशांत दाटपणा निम्मा होतो. इंजिन ठणठणीत असले तरी अशा तेलावर दाब उतरणारच.

म्हणून गाडी वीस मिनिटे चालवून तेल ९५ अंशांच्या जवळ आणावे आणि आयडलवर, २००० फेऱ्यांवर, ३००० वर आणि त्यापुढे असे आकडे घ्यावेत. या इंजिनाला तेल गरम असताना आयडलवर किमान १ बार आणि २००० फेऱ्यांवर ३ बारच्या आसपास दाब हवा. मग गाडी दमवून तेल १२५ च्या पुढे नेऊन तेच आकडे पुन्हा घ्यावेत. दोन्ही ओळी जॉब कार्डवर शेजारी शेजारी लिहाव्यात. ९५ अंशांवर दाब ठीक आणि १२५ वर उतरला, तर चूक उष्णतेची आहे, इंजिन उघडायचे कारण नाही. ९५ वरच दाब कमी आहे, तर तेल कुठेतरी वाट सोडून जात आहे किंवा पंपापर्यंत पोचतच नाही. अर्ध्या दिवसाच्या या कामातून निम्मे निदान होते.

तापमान बघण्यासाठी हल्ली सगळ्यांकडे पिस्तुलासारखे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. ते चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखले तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. चेंबरवर काळ्या रंगाचा ठिपका द्यावा किंवा काळी चिकटपट्टी लावावी आणि त्यावर रोखावे.

केवळ उष्णता असेल तर

३७०झेडचे इंजिन ३.७ लिटरचे, ताकद ३३० अश्वशक्तीच्या आसपास, आणि तेल मात्र पाच लिटरच्या आत. सुरुवातीच्या गाड्यांना तेल थंड करणारा कूलरही नव्हता. ट्रॅकवर किंवा लांब चढावर जोर लावला की तेल चढत जाते, आणि सुमारे १३८ अंशांवर गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच इंजिनाच्या फेऱ्या रोखतो. मालक घाबरून गाडी टो करून आणतो. वस्तुतः यात काही बिघडलेले नसते. एवढी उष्णता बाहेर टाकण्याची सोयच त्या गाडीत नव्हती. कंपनीनेही हे ओळखले आणि २०१२ च्या मॉडेलपासून बऱ्याच गाड्यांना कूलर कारखान्यातूनच बसू लागला. अशा मालकाला इंजिनाचे काम सांगणे ही शुद्ध लबाडी आहे. त्याला कूलर विकावा. त्यातही चार पैसे सुटतात आणि गिऱ्हाईक परत येते.

मात्र उष्णता कधी चढते ते त्याला नीट विचारावे. वेगात चढत असेल तर वरचे कारण. पण गर्दीत, एसी लावून, हळू चालताना चढत असेल तर आधी पाण्याकडे बघावे. वाळू आणि किडे बसून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या भागात जाड थर झालेला असतो. समोरून बघताना तो दिसत नाही. जिथे गाडीला भलती ट्यूनिंग केलेली असते तिथे इग्निशन टायमिंग मागे पडलेले किंवा मिश्रण कोरडे झालेले असते, त्याचीही उष्णता तेलावर येते.

कूलर बसवताना थर्मोस्टॅट असलेली प्लेट घ्यावी. ती नसेल तर थंडीत तेल गरमच होत नाही. तेलातले पाणी आणि पेट्रोल उडून जायला तेल ८०-९० अंशांच्या पुढे जायलाच हवे. नळ्या अरुंद असतील तर कूलर बसूनही दाब पडतो, तेव्हा जुन्या सामानातली मिळेल ती नळी लावू नये.

९५ अंशांवरही दाब कमी असेल तर

इथे काटा कसा वागतो त्यावर लक्ष ठेवावे. पंप दाब तयार करत नाही, तो नुसते तेल ढकलतो. त्या तेलाला वाटेत जो अडथळा होतो त्याचा दाब बनतो. आयडलवर दाब ठीक पण वर फेऱ्या नेल्यावर वाढायचा थांबतो किंवा पडतो, तर पंपाला तेल पुरेसे मिळत नाही. जाळी तुंबली, पिकअप नळीची रबरी रिंग कडक होऊन हवा ओढली जाते, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला. काटा सतत थरथरतो तर तेलात हवा आहे. दाब फक्त जोरात वळताना किंवा चढावर जातो तर तेल चेंबरमध्ये एका बाजूला पळते. वळणावर गाडीच्या वजनाएवढा आडवा जोर आला तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरपा होतो, मग पिकअपच्या तोंडाशी काय उरणार? अबुधाबीच्या लिवा भागात तल मोरीबच्या उंच वाळूच्या डोंगरावर निस्सान पेट्रोलसारख्या गाड्या चढवतात, त्यांची गत हीच. तिथे चेंबरमध्ये आडव्या पत्र्यांची रचना किंवा वेगळ्या टाकीची ड्राय संप पद्धत लागते. नवा पंप टाकून तो रोग बरा होत नाही.

उरला सर्वात फसवा नमुना. थंड इंजिनात दाब ठीक, वर फेऱ्यांवरही बऱ्यापैकी, पण गरम आयडलवर अगदी कमी. याचे पहिले उत्तर बहुतेक कारागीर देतात ते बेअरिंगचे, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. बेअरिंगमधून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०५ मिलिमीटरची ०.०७५ झाली तर दीडपट फटीतून जवळजवळ साडेतीनपट तेल निसटते. आयडलवर पंप हळू फिरतो, तेव्हा ते भरून निघत नाही.

पण ३७०झेडच्या या इंजिनात, आणि त्याच्या आधीच्या २००७-०८ च्या ३५०झेडमधल्या व्हीक्यू३५एचआर इंजिनातही, नेमका हाच नमुना दाखवणारे दुसरे एक कारण आहे. टायमिंग चेनच्या कव्हरांच्या आत तेलाच्या मुख्य वाटेवर एक पॅकिंग आहे. सुरुवातीच्या इंजिनांत ते पातळ कागदी होते. काही वर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने त्याचा अरुंद भाग फाटतो आणि दाबाखालचे तेल तिथून सरळ चेनच्या खोलीत सांडून चेंबरमध्ये परत जाते. बाहेर एक थेंबही गळत नाही. डिपस्टिकवर पातळी बरोबर असते. पंप चांगला, बेअरिंग चांगले, पण दाब नाही. पुढे कंपनीने त्याजागी धातूचे पॅकिंग आणले.

वस्तू अगदी क्षुल्लक किमतीची. मजुरी मात्र मोठी, कारण पुढचे कव्हर आणि चेन उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. तरीही ती मजुरी इंजिन बांधण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी पडते. याच फरकावर मालकाचे पैसे आणि गॅरेजचे नाव अवलंबून आहे. तेव्हा दोन्हींत फरक कसा ओळखावा?

एक, स्कॅनर लावावा. या इंजिनाच्या कॅमशाफ्टचे टायमिंग तेलाच्या दाबाने हलते. मुख्य वाटेत तेल सांडू लागले की कॅम हुकमाप्रमाणे हलत नाहीत आणि पी००११, पी००२१ हे कोड दिसतात. पिवळा दिवा लागतो तो यामुळे. अशा वेळी पुष्कळ जण कॅमचे सोलेनॉइड बदलतात, मग सेन्सर बदलतात, आणि कोड पुन्हा येतो. दाब मोजल्याशिवाय या कोडवर एक दिरहॅमही खर्च करू नये.

दोन, फिल्टर कापावा. ही सवय आपल्याकडे फार कमी आहे, आणि माझ्या मते साऱ्या तपासणीत सर्वात स्वस्त आणि सर्वात बोलकी हीच आहे. हॅक्सॉने कापू नये, कारण त्याचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर मिळतो तो घ्यावा. आतला कागद उलगडून, पिळून, उन्हात धरावा. लोहचुंबकाला चिकटणारा कण लोखंडाचा. न चिकटणारी पांढरी चमक ॲल्युमिनियमची किंवा बेअरिंगच्या वरच्या थराची. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला थर उघडा पडला असे समजावे, मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. फिल्टर स्वच्छ आहे, खालून जड खटखट नाही, पुढून चेनच्या बाजूने मात्र हलका खडखडाट आहे, वरचे दोन कोडही आहेत, तर संशय त्या पॅकिंगवरच जातो.

खात्री हवीच असेल तर चेंबर काढून एका रॉडची आणि एका मेन बेअरिंगची कॅप खोलावी आणि प्लास्टिगेजची तार ठेवून फट मोजावी. फट कंपनीच्या मापात असेल तर कॅप पुन्हा बसवून पुढच्या कव्हराकडे वळावे. चेंबर उघडलेच आहे तर जाळी हातात घेऊन बघावी. लाल-काळ्या लिक्विड पॅकिंगचे तुकडे तिथे अडकलेले सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. कोणा पूर्वसुरींनी सढळ हाताने लावलेले असते.

जाड तेलाचे औषध

जाड तेलाला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या काही एम-३ इंजिनांना १०डब्ल्यू-६० तेल ठरवून दिले, कारण त्यांच्या फटी आणि फेऱ्या त्या तेलाच्या हिशोबाने केल्या होत्या. ३७०झेड सतत ट्रॅकवर चालवणाऱ्याने ३० ऐवजी ४० दर्जाचे चांगले सिंथेटिक वापरले तर ते समजण्यासारखे आहे. पण फाटलेल्या पॅकिंगवर किंवा खाल्लेल्या बेअरिंगवर ६० चे तेल ओतणे म्हणजे दिव्याचा बल्ब काढून घेण्यासारखेच झाले. दाबाचा आकडा वाढतो, पण जखम तशीच राहते. जाड तेल बेअरिंगमधून हळू वाहते, त्यामुळे तिथली उष्णताही कमी वाहून नेते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ते वर कॅमपर्यंत पोचायला वेळ लावते ते वेगळेच.

शेवटी जोडणीबद्दल. बेअरिंग खरोखरच गेले असेल आणि इंजिन बांधले असेल, तर जुना ऑइल कूलर फेकून द्यावा. पेट्रोलने धुतला, हवा मारली, तरी त्याच्या बारीक वाटांत अडकलेला कीस निघत नाही. पहिल्याच लांब फेरीत तो सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो आणि महिनाभरात तेच इंजिन पुन्हा टेबलावर येते, या वेळी गॅरेजच्या खर्चाने. कूलरच्या नळ्यांनाही तोच नियम. मालक कूलरचे पैसे द्यायला नकार देत असेल तर तसे कागदावर लिहून त्याची सही घ्यावी, किंवा काम सोडून द्यावे. पंप गाळ असलेले तेल ओढतो म्हणून त्याच्या आतल्या चकत्यांवर ओरखडे आहेत का तेही बघावे, आणि बसवताना आत व्हॅसलीन भरावे म्हणजे तो पहिल्या फेऱ्यातच तेल धरतो. नव्या लिक्विड पॅकिंगचा धागा बारीक ठेवावा.

हीच रीत आपल्याकडच्या गाड्यांना लावताना एक पथ्य आहे. स्कोडा लॉरा आणि सुपर्बमधल्या १.८ टीएसआय इंजिनाच्या एका पिढीत पंपच दोन टप्प्यांचा आहे. खालच्या फेऱ्यांवर तो मुद्दाम पावणेदोन बारच्या आसपास दाब ठेवतो आणि साडेतीन हजारांच्या सुमारास सव्वातीन बारवर जातो. हे माहीत नसलेल्याने गेज लावले तर २००० फेऱ्यांवरचा आकडा बघून तो चांगला पंप भंगारात टाकेल. गाडीचा खरा आकडा आधी तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा, मग गेज लावावे.

तपासणीची मजुरी वेगळी सांगावी आणि आधी सांगावी. "बघायचे काय घेता?" असे विचारणारे गिऱ्हाईक सगळीकडे भेटते. त्याला दोन तापमानांवरच्या दाबाच्या दोन ओळी आणि कापलेल्या फिल्टरचा कागद समोर ठेवून दाखवला की वाद बहुधा मिटतो. काम झाल्यावर त्याच दोन तापमानांवर पुन्हा आकडे घेऊन त्याच कार्डावर तिसरी-चौथी ओळ लिहावी. हजार किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून फिल्टर पुन्हा कापावा, आणि तो कागद मालकालाच बघायला द्यावा.